बरी आहे, असं आम्ही म्हणायचो

दिवाळी उरकली, सकाळी अंगावर स्वेटर चढला, की राहात्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या लागतात. शिर्डीला निघालेल्या गाड्या थांबतात, काचा खाली होतात, तिखट-मीठ लावलेल्या फोडी आत जातात. शाळा सुटल्यावर मी स्कूटीवरून परतते तेव्हा हेल्मेटच्या आतसुद्धा तो वास शिरतो. गोड, किंचित आंबूस, मागे थोडा हिरवेपणा राहिलेला. इतरांना त्या वासानं भूक लागत असेल. माझी नजर आईला शोधते. चार वर्षं झाली तरी शोधते.

त्या हंगामात मी पेरूकडे पाहिलंच नाही. मी आईकडे पाहत होते. तिचे डोळे, तिचे हात, तिनं ताट किती रिकामं केलं, ओसरीवर बसली असताना ओठ हलतायत का. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून गावाकडच्या वाटेवर नजर ठेवायची. फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग नाव दिसायचं.

मी नववीत होते तेव्हा आईला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले. भांडी घासता घासता ती कुणाला तरी उत्तर द्यायची. आधी आम्हाला वाटलं, शेजारच्या काकूंशी बोलतेय. मग एके दिवशी काकू आमच्याच घरात बसलेल्या होत्या आणि आई मोरीत कुणाला तरी सांगत होती, "न्हाई, मी तसलं काई केलं न्हाई." पुढे अंगारे झाले, मग दवाखाना, गोळ्या, बरं वाटणं, गोळ्या बंद करणं, पुन्हा तेच. बाकी शालन म्हणजे आमची आई, ही मोठी खमकी बाई. दीड एकर पेरूच्या बागेत कुठल्या झाडाला कुठल्या बाजूनं फळ जास्त धरतं, हे माझ्या वडिलांना, आप्पांना विचारा, त्यांना सांगता यायचं नाही. आईला यायचं. मी लहान असताना रोडला पाटी घेऊन तीच बसायची.

मग, मी शाळेत शिकवायला लागल्यावर, एकदा ती पाटावर गेली. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, कॅनॉलला पाणी सुटलेलं. उसाच्या गाडीवाल्यांनी तिला पाहिलं आणि दोघांनी उड्या टाकून बाहेर काढलं. ओल्या लुगड्यात थरथरत बसलेली आई एवढंच म्हणत होती, की पाण्यातून कुणीतरी तिला नावानं हाक मारत होतं.

त्यानंतर आप्पा बदलले. वडील माणूस, कधी कुणापुढे वाकलेलं नाही. ते एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे हात जोडून उभे राहिले. आई गोळी घ्यायला तयार नव्हती. जीभ जड होते, हातातली भाकरी निसटते, दिवसभर झोप येते, असं ती सांगायची. डॉक्टर म्हणाले, घेत नसतील तर खाण्यापिण्यातून द्या. घरी येऊन आप्पांनी नव्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातात ठेवली. "तुझ्या हातचं ती घेती," म्हणाले.

गोळी छोटी होती, पांढरी. चमच्याच्या पाठीनं चुरायची. चहात आलं जरा जास्त ठेचून घालायचं, साखरही वाढवायची. तीन वर्षं रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी मी ते केलं. आई चहा पिऊन कप रिकामा करेपर्यंत मी दारात उभी राहायची, केसांना पिन लावत असल्यासारखी. पाहुणे आले की आई कौतुकानं सांगायची, "आमच्या मीनाच्या हातचा चा लई ग्वाड. दुसऱ्या कुनाचा मला जातच न्हाई." मी आत जाऊन ओट्याला हात टेकून उभी राहायची.

आणि ती बरी होती. बोलत नव्हती, भांडत नव्हती, कुठं जात नव्हती. ओसरीवर बसायची, बसल्या जागी डुलकी काढायची. पूर्वी कालवणात मीठ कमी पडलं की ती आणि आप्पा तासभर वाद घालायचे. आता मीठ नसलं तरी ती तशीच जेवायची. आमच्या घरातली भांडणं संपली आणि त्याला आम्ही बरं होणं म्हणालो. कुणी विचारलं की मी पटकन सांगायची, "बरी आहे." आपल्याकडे हा शब्द मोठा सोयीचा आहे. तब्येत बरी, पाऊस बरा, जावई बरा. बोलणं आटोपतं घ्यायचं असलं तरी आपण 'बरं' म्हणूनच उठतो. मी आईबद्दल 'बरी आहे' म्हणायची, त्यातही उठायची घाईच असायची.

त्या वर्षी पेरूला फळ उदंड आलं होतं. पोपटांचे थवे उतरत होते, बागेत सकाळपासून डबे वाजवावे लागत होते. अशाच एका रविवारी वैशाली आमच्याकडे आली. गावोगाव जाऊन मानसिक आजार असलेल्या माणसांना घरी भेटणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. माझ्याच वयाची, तिशी ओलांडलेली, कपाळावर घाम, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. आप्पांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्ची बाजूला सारून आईशेजारी ओसरीवर बसली.

"मावशी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तिनं विचारलं.

आप्पा म्हणाले, "तिला काय वाटायचंय. खाऊनपिऊन बरी हाय."

वैशालीनं मान डोलावली आणि पुन्हा आईकडेच पाहत राहिली. आप्पा पुन्हा काही बोलले. मीही बोलले, झोप नीट लागते वगैरे. वैशाली ऐकत होती, पण तिची नजर हलली नाही. बागेत कुणीतरी डबा बडवत होतं. मला वाटलं आई झोपली.

"पेरू इकायचेत," आई म्हणाली. "रोडला बसून. माज्या हातानं."

"आगं, टरक किती पळत्यात तिथं," आप्पा म्हणाले.

"आन् हे हात बघ की," आईनं स्वतःच आपले हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती. "तागडी धरवंल का यांना? काय झालंय कुनास ठाव, पोरी. पैलं असं नव्हतं. आता मी लई आळशी झाले. सकाळी चा घेतला की डोळंच उघडं ऱ्हात न्हाईत."

"कुठली गोळी चालू आहे?" वैशालीनं विचारलं.

"मला गोळीबिळी काय न्हाई," आई म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी थोडा ताठा आला होता. "तीन वर्सं झाली, बिनगोळीची हाये मी."

मी आप्पांच्या पायांकडे पाहत होते. त्यांचा अंगठा जमिनीवर घासत होता. वैशालीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिच्या गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती रागावेल; तेवढीच शिक्षा होऊन सुटका होईल. ती रागावली नाही. म्हणाली, "मीनाताई, मावशींना वाटतंय त्यांचं शरीरच त्यांना साथ देत नाही. स्वतःला आळशी म्हणतायत त्या. हे त्यांना कळायला हवं."

"आणि ती पुन्हा पाटावर गेली तर?"

"तसं होऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोलू. मी एक दिवसाआड येईन. पण सांगायचं तुम्हीच."

त्या आठवड्यात आप्पा आणि मी दबक्या आवाजात भांडलो. गोठ्यात, विहिरीपाशी, जिथं आई नसेल तिथं. आप्पांचं एकच होतं. "ती पुन्यांदा आपल्या हातचं खाईल का? मीना, मी तिला वल्या अंगानं गाडीत घातलीय. तू बघितलं न्हाईस." तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक दिवशी मनोविकाराचे डॉक्टर यायचे. वैशाली मला त्यांच्याकडे घेऊन गेली. ते म्हणाले, सांगा. त्यानंतर आई आल्या तर घेऊन या, नाही आल्या तर मला फोन करा. मी त्यांच्या तोंडून 'नका सांगू' ऐकायला गेले होते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी दुपारी बागेत तोडणी चालू होती. आई क्रेटमध्ये पेरू लावत होती, खाली कडुनिंबाचा पाला, वर एकेक फळ, देठ एका बाजूला. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिचे प्रश्न आठवतात.

"कवापासनं?"

"पाटावरून आणलं तेव्हापासून."

"चात?"

"हो."

"रोज?"

"रोज, आई."

हातातलं फळ तिनं क्रेटमध्ये नीट ठेवलं, देठ बाजूला करून. मग उठली आणि घराकडे चालू लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी परसात तीन विटा मांडून तिनं वेगळी चूल पेटवली. स्वतःचं पीठ स्वतः मळलं, हापशाचं पाणी स्वतः आणलं. माझ्या हातून ती काहीच घेईना. ताट नाही, तांब्या नाही, टॉवेलसुद्धा नाही. मी खोलीत शिरले की बाहेर जायची. आप्पांना एकदाच म्हणाली, "तुमचं मी समजू शकते. पर ही माजी लेक हाये." हे ती माझ्यासमोर, मला न सांगता, त्यांना सांगत होती.

गोळी अर्थातच बंद झाली. चौथ्या दिवसापासून तिची झोप तुटली. तिचा चेहरा जागा झाला, हे खरं. डोळ्यांवरची साय गेल्यासारखी वाटत होती. पण ओठही हलायला लागले होते. वैशाली एक दिवसाआड यायची, तिच्या चुलीपाशी बसायची, तिनं दिलेली भाकरी खायची. दोघी काय बोलायच्या मला कळायचं नाही. जाताना वैशाली फक्त सांगायची, "डॉक्टरांच्या कानावर घातलंय. लक्ष ठेवा, पण पाळत ठेवू नका." या दोहोंत फरक काय, ते मला त्या दिवसांत उमगत नव्हतं. मी शाळेत अर्धी रजा टाकून घरी यायची आणि आई दिसली की पाण्याच्या मोटारीचं बटण दाबायला आल्याचं दाखवायची.

नवव्या दिवशी मी आले तेव्हा परसातली चूल थंड होती. घरात आई नव्हती, बागेत नव्हती, गोठ्यात नव्हती. आप्पा खत आणायला गेले होते, ते तेव्हाच परतले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता पाटाच्या दिशेनं पळाले. चपला दारातच राहिल्या. मी मागं पळत होते. पाटाला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ, मातकट, वेगानं चाललेलं. आप्पा काठानं पळत होते आणि पाण्यात पाहून "शालन, शालन" म्हणत होते. हाक मारत होते म्हणणंही बरोबर नाही, श्वासाबरोबर ते नाव बाहेर पडत होतं. मला एकच दिसत होतं: पाण्यालाही तेच नाव माहीत होतं, आणि ते आधी बोलावून गेलं असेल.

दोन किलोमीटर तरी आम्ही गेलो असू. कॅनॉलच्या गेटवरच्या माणसानं कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या टेम्पोवाल्याचा फोन आला. दुपारी शालनकाकूंना मी रोडला सोडलं, म्हणाला. दोन क्रेट होते सोबत, परत आणायला येऊ का?

आम्ही रोडला पोचलो तेव्हा ती कडुनिंबाच्या झाडाखाली बसली होती. पुढ्यात गोणपाट, त्यावर पेरूंची रास. एक गाडी थांबली होती, आई तागडी धरून उभी होती. हात थरथरत होता, काटा हलत होता, ती तो स्थिर व्हायची वाट पाहत होती. गिऱ्हाईकही पाहत होतं. आप्पा रस्ता ओलांडायला निघाले. त्यांच्या तोंडातून आता काय बाहेर पडेल ते मला माहीत होतं. मी त्यांचा दंड धरला. "थांबा, आप्पा. गिऱ्हाईक जाऊ द्या."

गाडी गेली. आईनं आम्हाला पाहिलं. आप्पांचे अनवाणी, चिखलानं भरलेले पाय पाहिले. ती काय समजायचं ते समजली असावी, कारण तिचा चेहरा एकदम हलला. पण ती म्हणाली एवढंच, "पिशव्या आना घरनं. कागदात लोक घेत न्हाईत."

इथं ही आठवण थांबवता आली असती तर छान झालं असतं. पण आजार तिथं थांबला नाही. दोन दिवसांनी तिनं सगळे क्रेट उकिरड्यावर उलटे केले. फळांत कुणीतरी सुईनं विष टोचलंय, असं तिला ऐकू येत होतं. कुणाला जवळ येऊ देईना. हातात खुरपं होतं. आप्पा दोरी शोधायला आत गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. आत किती वेळ उभे होते, काय विचार केला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी फोन केला तशी वैशाली आली. दहा हातांवर मातीत बसली. "मावशी, मला त्यात विष दिसत नाही. पण तुम्हाला भीती वाटतेय, हे दिसतंय. काय केलं तर जरा हलकं वाटेल?"

आईनं खुरप्याची मूठ बदलली. मग म्हणाली, "ती गोळी दाखवा मला."

मी पट्टी आणली. माझ्या हातून नाही, वैशालीच्या हातून तिनं ती घेतली. एक गोळी तळहातावर ठेवून पाहिली. तीन वर्षं पोटात गेलेली वस्तू ती पहिल्यांदा पाहत होती.

"येवढीशी?" ती म्हणाली.

खुरपं तिनं स्वतःच खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, वैशालीबरोबर. आप्पा आणि मी बाहेर बाकावर. आतलं बोलणं पुढं वैशालीनं सांगितलं. आईनं डॉक्टरांना विचारलं, हात का कापतात, जीभ का जडावते, आयुष्यभर घ्यावी लागंल का. डॉक्टरांनी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, बाकीचं माहीत नाही म्हणाले. गोळी बदलली, कमीपासून सुरू केली. सकाळची वेळ आईनं नाकारली. "सकाळी मला धंदा असतो," ती म्हणाली. तेव्हा गोळी संध्याकाळची ठरली. ती स्वतः घेते. कुणी पाहायचं नाही, ही तिची अट.

ती सावरल्यावर वैशालीनं तिला आणखी एक काम सांगितलं. पुन्हा कधी बिघडलं तर काय करावं आणि काय करू नये, ते आत्ता, शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. आईला अक्षरं जेमतेम येतात, म्हणून ती सांगत होती आणि मी लिहीत होते. झोप तुटली की समजावं. फळांचा संशय आला की समजावं. मला धरू नये, बांधू नये. आधी विचारावं. मग ती थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ल्ही. वैशालीला बोलवावं. मीनाला बोलवू न्हाई."

मी लिहिलं. मी रोज फळ्यावर लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे. ती ओळ मात्र वाकडी गेली.

त्यानंतर एकेक हंगाम येत गेला. आईचे आवाज गेलेले नाहीत. "बोलत्यात अजून," ती सांगते, "पर गिऱ्हाईक असलं की जरा गप बसत्यात." कधी पंधरा दिवस घरात पडून असते. कधी आप्पांशी मिठावरून असं भांडते की शेजारी दार लावून घेतात. चहा ती स्वतःच करते. मलाही देते, पण माझ्या हातचा घेत नाही. मी तो हट्ट सोडून दिलाय. विश्वास मागून मिळत नाही, आणि मी तो मागण्याच्या जागेवर उभी नाही. लोकांनी विचारलं की हल्ली मी 'बरी आहे' म्हणत नाही. "तिलाच विचारा, रोडला बसलेली असते," म्हणते. काहींना ते उद्धट वाटतं.

परवा शाळेतून येताना मी तिच्यापाशी थांबले. ऊन कललं होतं, उसाचे ट्रॅक्टर ओळीनं चालले होते. ती पेरू पुसत होती, पण एकच पेरू, बराच वेळ. मी पाहिलं, आणि पाहतेय हे तिला दिसू नये म्हणून रस्त्याकडे तोंड केलं. विचारावं की नको, किती दिवसांपासून आहे, आप्पांना ठाऊक आहे का, असं सगळं डोक्यात धावत होतं.

"मीने," ती म्हणाली.

"काय गं?"

"तीन दिस झाले, झोप न्हाई मला. आवाज वाढल्यात. गिऱ्हाईक असलं तरी गप बसंनात." ती पेरूकडेच पाहत होती. "वैशाली भाईरगावी गेलीय. उद्या दवाखान्यात जायचंय मला. तू रजा टाक."

मी मान डोलावली. मग विचारलं, "आप्पांना मी सांगू?"

"नगं," ती म्हणाली. "मी सांगते."

समोर एक गाडी थांबली. काच खाली झाली. आईनं पदरानं हात पुसले आणि तागडी उचलली.